रेघेवरची ओळ

गुलमंडीत भर दुपारी कापडाचं दुकान बंद झालं की शेजारी दोनच गोष्टी धरून चालतात: घरात मयत झाली किंवा सोयरीक ठरली. त्यामुळे शुक्रवारी बद्रीनाथनं फळ्या लावल्या तेव्हा समोरच्या अत्तरवाल्यानं आधी चेहरा लांब केला, मग बद्रीनाथच्या डोक्यावर टोपी बघून, म्हणजे मयत नाही असं समजून, तो सरळ केला, आणि शेवटी काहीच अंदाज न आल्यानं विचारलं, "खैरियत है ना, सेठ?"

"हां, सब ठीक," असं म्हणून बद्रीनाथ दुकानावरच्या घराचा जिना चढून गेला. ठीक काहीच नव्हतं. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात सहा कागद होते, दोन्ही बाजूंनी उर्दूत लिहिलेले. बुधवारी त्याच्या बायकोला, द्वारकाबाईला, ते पोरीच्या अंथरुणाखाली सापडले होते.

पोरगी म्हणजे प्रयाग. वय एकवीस, इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आजपासून नवव्या दिवशी तिचा कवितेचा पेपर होता. या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेली ती पहिली मुलगी, आणि बद्रीनाथ ही गोष्ट गिऱ्हाईकाला कापड दाखवता दाखवता सहज सांगायचा. आता तेच आठवून त्याला घाम फुटत होता. चार बुकं शिकवली आणि हातात हे आलं.

त्याला उर्दू थोडंफार येत होतं. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत शाळा झालेली, पुढं दुकानात बसला. कागद हातात घेऊन दोन दिवस त्यानं अक्षरं जुळवली होती आणि त्याला सात-आठ शब्द लागले होते. दिल. आगोश, म्हणजे मिठी. बोसा, म्हणजे मुका. जान. बापाला पुरे झाले.

"सरांच्या नोटा हायत बाबा," प्रयाग म्हणाली होती. "मी चार दिवस बाजूला बसले व्हते तवा कॉलेज बुडलं. शमशादनं आणून दिल्या. मला ऐकून कळतं, अक्षर येत नाय; ती वाचून दाखवणार व्हती."

"इंग्रजीच्या नोटा उर्दूत?"

"सर उर्दूतच समजावून सांगतात. समद्या वर्गाला."

"कोण सर?"

यावर प्रयाग गप्प बसली होती. आणि शमशादला एक थोरला भाऊ आहे, हे बद्रीनाथला पक्कं माहीत होतं. तो भाऊ त्याच्याच दुकानातून शर्टाचं कापड नेत असे.

म्हणून काकासाहेबांना बोलावलं होतं.

*

काकासाहेब बद्रीनाथचे थोरले भाऊ. बिडकीनची जमीन तेच बघत. उर्दूतून शिकलेले, उर्दूतून वकिली केलेले. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसानं पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी हे त्यांना जमलं नाही. तेव्हापासून काळा कोट खुंटीला होता. मराठी वर्तमानपत्र ते बोट ठेवून वाचत, आणि कुणी पाहिलं तर चष्म्याला दोष देत.

आज मात्र घरात वाचता येणारे ते एकटेच होते. ते लोडाला टेकून बसले आणि त्यांनी हात पुढं केला. त्या हात पुढं करण्यात जुनी ऐट होती. बद्रीनाथनं कागद दिले.

खोलीत बसायची जागा ठरलेली होती. काकासाहेबांसमोर बद्रीनाथ. खिडकीपाशी बहीण भागूबाई, वाती वळत. प्रयाग भिंतीला टेकून. द्वारकाबाई मधल्या दाराच्या आड, डोक्यावरून पदर घेऊन. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण ती थोरल्या दिराशी, भासऱ्यांशी, एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचं झालं तर नणंदेच्या मार्फत. भासरेही तिला उत्तर नणंदेच्या मार्फतच देत. मध्ये भागूबाई नसली तर या दोघांत मिठाचीही देवाणघेवाण झाली नसती.

"वाचा दादा," बद्रीनाथ म्हणाला. "मोठ्यानं वाचा. तिच्यासमोरच होऊन जाऊ द्या."

काकासाहेबांनी पहिल्या पानावर नजर टाकली आणि त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या.

पहिली, हे अक्षर गयासचं होतं. शाळेत नऊ वर्षं ते एका बाकावर बसले होते. गयासचा नून वाटीसारखा खोल आणि त्यातला ठिपका नेहमी डावीकडं सरकलेला. हे अक्षर त्यांनी अंधारातही बोटानं ओळखलं असतं.

दुसरी, सगळ्यात वर, खाली जाड रेघ मारून, लिहिलं होतं: "प्रश्न चौथा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कवितेत इश्क आणि जज्बा कसा दाखवला आहे? मुलींनी हा प्रश्न सोडू नये. दरवर्षी येतो."

एवढं वाचलं असतं तर बैठक तिथंच संपली असती. बद्रीनाथनं फळ्या उघडल्या असत्या, बायकांनी चहा ठेवला असता.

काकासाहेबांनी ते वाचलं नाही. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. गयास या शहरात कॉलेजात शिकवतो हे त्यांना ठाऊक होतं. प्रयाग त्याच्याच वर्गात बसते हे ठाऊक नव्हतं. सन एक्केचाळीस ते बासष्ट अशी या पोरीची सगळी उमर डोळ्यांसमोर गेली. अठ्ठेचाळीसच्या ऑक्टोबरात ती सात वर्षांची होती आणि दारात गोट्या खेळत होती, तेव्हा गयास दुपारचा आला होता. त्याच्या धाकट्या भावाला, फारूखला, पकडून नेलं होतं. रेल्वेत कारकून, रझाकारांशी काडीचा संबंध नाही. एखाद्या इभ्रतदार हिंदूनं साक्ष दिली तर सुटेल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. काकासाहेब म्हणाले होते, "बघतो." आणि दुसऱ्या दिवशी ते बिडकीनला गेले ते महिन्यानं परतले. फारूख आठ महिन्यांनी सुटला आणि हैदराबादला निघून गेला. गयास पुन्हा दारात आला नाही. त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. काकासाहेबांचा चेहरा बघून सगळे आपापलं शिकले.

आणि ही पोरगी त्याच्या पुढ्यात बसून कविता शिकत होती. आज ना उद्या तिला ती दुपार कळणार. आणि दौलताबादचं स्थळ उन्हाळ्याच्या आत लग्न मागत होतं. पेपर बुडाला तर त्यांची तक्रारच नव्हती. काकासाहेबांनी चष्मा चढवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तरीही त्यांचं बोट रेघेखालच्या ओळीवर गेलं.

*

"'उशीला अजून तुझ्या केसांचा वास आहे,'" ते मराठी करत वाचू लागले. आवाज खणखणीत होता, हुकूमनामा वाचावा तसा. "'मी तिचा अभ्रा बदलत नाही. तुझ्या हाताची ऊब माझ्या पाठीवरून उतरत नाही. चार लोकांत माझा चेहरा दगडाचा असतो. दिवे गेले की त्या दगडाला तडा जातो. मला जाळ. राख झाली तरी मी नको म्हणणार नाही.'"

 बद्रीनाथ जाजमाकडं बघत होता. दाराआड बांगड्या वाजल्या.

"तारीख नाय," काकासाहेब कागद उलटसुलट करत म्हणाले. "दस्तखत नाय. कुणाच्या नावानं लिव्हलंय तेबी नाय. लिव्हणारा हुशार दिसतो."

"काका, ती कविता हाय," प्रयाग म्हणाली.  "इंग्रजी कवितेचा तर्जुमा हाय. बाकी मजकूर वाचा, त्याच्यात समदं असंल."

"कविता का असंना. कविता काय हवेत लिव्हत्यात? कुणीतरी कुणालातरीच लिव्हतं."

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला. "आन ती माझ्या पोरीच्या गादीखाली कशी येती?"

"तुम्ही फाडाल म्हणून."

हे खरं होतं, आणि खरं असूनही तिच्या बाजूचं नव्हतं. बद्रीनाथ उठून उभा राहिला. हात उगारायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे उभं राहून काय करायचं हे त्याला कळेना, आणि तो पुन्हा बसला. "उद्या सकाळच्या गाडीनं हिला बिडकीनला घेऊन जा दादा. कॉलेज झालं तेवढं लई झालं. पेपर नाय, बिपर नाय. दौलताबादवाल्यांना होकार कळवा."

"बाबा, तीन वर्षं झाली. नऊ दिवस राह्यलेत."

"नऊ दिवसांत काय काय व्हतं ते कळलं मला."

प्रयागनं काकांकडं पाहिलं. लहानपणापासून या घरातला शेवटचा शब्द त्यांचाच असे, आणि तो बहुतेक वेळा शहाणा असे. तिला अजूनही वाटत होतं की पुढचं पान उलटलं की ते हसतील. सरांचं नाव सांगावं असं दोनदा तिच्या ओठांवर आलं. पण ते नाव काढल्यावर काकांचा चेहरा कसा होतो हे तिनं एकदा पाहिलं होतं, आणि बुडत्यानं आधारालाच धक्का का द्यावा, म्हणून ती गप्प राहिली.

काकासाहेब कागदांची घडी घालू लागले.

"दादा," भागूबाई म्हणाली. "पुढचं वाचा."

"पुढं तेच हाय."

"तेच असंल तर तेच वाचा."

भागूबाई सहसा मध्ये पडत नसे. पंचेचाळिशीची विधवा, भावांच्या घरी राहते, वाती वळते, पापड लाटते. तिचं मत कुणी विचारत नाही आणि तीही देत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा, कारभारी, दौलताबादेत तापानं गेला. त्याचं नाव इथं सांगायला लागतं, कारण तिच्या तोंडून ते कुणी कधी ऐकलं नाही. आधी नवरा म्हणून, नंतर सवय म्हणून.

काकासाहेबांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. त्यांनी घडी उघडली. "'त्या दिवशी मी दार लावलं. घड्याळाला चावी दिली. चूल विझवली. तुझी खुर्ची पुसून भिंतीला लावली. तीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि तुझं नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. लोक म्हणाले, काय मर्यादेचं घर आहे. आता ऐकायला तू नाहीस, तर तुझ्या नावाशिवाय तोंडात काही येत नाही.'"

शेवटच्या वाक्याला त्यांचा हुकूमनाम्याचा आवाज जरा बसला.

"तीस वर्षं?" बद्रीनाथ म्हणाला. "पोरगी एकवीसची हाय." मग स्वतःलाच समजावत, "शायर लोक वाढवून सांगतात."

"गप रे बद्री," भागूबाई म्हणाली. वात तिच्या हातात अर्धीच राहिली होती. "चूल इझवली, खुर्ची पुसली. हे बाप्या माणूस करत नाय. ही बाई हाय. आन नाव घेत नव्हती म्हणजे त्याची बायको हाय. तो मेलाय."

"कशावरून?"

"जित्या माणसाला कुणी असं बोलत नाय. जित्याला भाकर वाढत्यात."  "दादा, ही बाई कुठली?"

 भागूबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. या घरात तिला रडताना शेवटचं कुणी पाहिलं होतं ते आठवायचं तर एकोणीस वर्षं मागं जावं लागलं असतं. तिला त्या परक्या बाईचा राग आला होता. आपलं बोलणं तिनं आधी बोलून टाकलं म्हणून.

*

द्वारकाबाई दाराआडून हे सगळं ऐकत होती. तिला अक्षर एक वाचता येत नव्हतं, मराठीही नाही. पण बुधवारी कागद सापडल्यापासून ते नवऱ्याच्या हाती देईपर्यंतची एक आख्खी दुपार ती ते समोर घेऊन बसली होती. वाचता येत नाही तो माणूस कागद फार नीट बघतो. कुठं शाई सांडली, कुठं खाडाखोड झाली, तिला पाठ होतं. आपणच हे उकरून काढलं आणि पोरीचं वाटोळं केलं, ही बोच तिला दोन दिवस जेवू देत नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली. मग थांबली. भागूबाई रडत होती; तिच्या मार्फत काही जाण्यासारखं नव्हतं.

द्वारकाबाईनं पदर पुढं ओढला आणि उंबऱ्यात आली.

"भासरेबुवा, सगळ्यात वर एक वळ हाय. तिच्याखाली रेघ मारल्याली हाय. तुम्ही बोट तिच्या खाली ठिवलं. ती वाचलीच नाय."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा. बद्रीनाथला धक्का बसला तो वाक्यातल्या मजकुराचा नव्हे. "आगं, कुणाशी बोलायलीस?"

"ज्यास्नी वाचता येतं त्यांच्याशी."

काकासाहेब कागदाकडं बघत राहिले. वकिलीत त्यांनी साक्षीदार फुटताना पाहिले होते, पण अडाणी बाईनं कागदावरून पकडलेला वकील त्यांनी पाहिला नव्हता. चष्म्याचं कारण सांगता आलं असतं. सगळ्यांनी ते मानलंही असतं. या घराला ती सवय होती.

त्यांनी ओळ वाचली. "'प्रश्न चौथा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कवितेत इश्क आणि जज्बा कसा दाखवला आहे? मुलींनी हा प्रश्न सोडू नये. दरवर्षी येतो.'"

खाली रस्त्यावर कुणीतरी मोसंब्यांचा भाव ओरडत गेलं. बद्रीनाथचं तोंड उघडं होतं.

"पुढं?" भागूबाई म्हणाली.

काकासाहेब वाचत राहिले. आता वाचणं भाग होतं. "'या काळातली शरीफ माणसं इश्काला घाबरत. नवरा-बायकोसुद्धा आपसात बोलून दाखवत नसत; ते ऐब समजलं जाई. पण दाबलं म्हणून ते विझत नाही. म्हणून या कवितांत माणसं फार उशिरा बोलतात. कुणी कबरीपाशी बोलतं, कुणी रिकाम्या खुर्चीपाशी. उत्तरात हे जरूर लिहा की यांची मर्यादा हा थंडपणा नव्हता. आग आणि मर्यादा एकाच घरात राहत, आणि घर कुणाचं यावर भांडत. हेही लिहा की गप्प राहण्याला सगळेच खानदानी समजत, पण त्यातले काही जण फक्त भित्रे होते.'"

इथं ते थांबले.

"म्हणजे विलायतेतबी असंच व्हतं म्हणायचं," द्वारकाबाई कुणाकडंही न बघता म्हणाली. तिला थोडं बरं वाटलं.

बद्रीनाथला हळूहळू एकेक गोष्ट लागत होती, दोन दिवस अक्षरं जुळवल्यासारखी. "दादा, ती ओळ तुम्हाला आधीच दिसली व्हती?"

"व्हय."

"मग?"

"मग काय. वाचली नाय." काकासाहेबांनी कागद मांडीवर ठेवले. "पेपर देऊ दे तिला. दौलताबादवाले थांबतील, नसले थांबणार तर जातील. माझी चूक हाय." ही तीन वाक्यं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला. मग जरा सावरून ते प्रयागला म्हणाले, "ये इकडं. वही घे. उरलेली पानं मी सांगतो, तू लिवून घे. दोन तासांत व्हतील."

हा समेट होता, आणि चांगला होता. बद्रीनाथनं सुटकेचा श्वास टाकला. द्वारकाबाई चहा ठेवायला वळलीसुद्धा.

प्रयाग उठली. काकांपाशी गेली, खाली वाकली आणि त्यांच्या मांडीवरचे सहाही कागद उचलून घेतले.

"नको काका," ती म्हणाली. "मी गयास सरांकडून वाचून घेते."

ते नाव कैक वर्षांनी त्या खोलीत उच्चारलं गेलं. छत जागेवर राहिलं. प्रयागच्या बोलण्यात राग नव्हता, आणि काकासाहेबांना तेच सोसवेना. तिला आता फक्त बरोबर वाचणारा माणूस पाहिजे होता, आणि त्या माणसांतून तिनं त्यांना वजा केलं होतं.  बद्रीनाथनं सवयीनं भावाकडं पाहिलं.

"जा," काकासाहेब म्हणाले. "एकटी जाऊ नको. भागूला सोबत घे."

"मी तर जाणारच हाय," भागूबाई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, वातींचं तबक खिडकीत ठेवलं आणि वहाणा शोधायला लागली. "त्या बाईचं पुढं काय झालं ते मला ऐकायचंय."

प्रयागनं कागद वहीत घातले. जिन्याच्या तोंडाशी गेल्यावर तिला काकांनी हाक मारली.

"गयासला सांग, तुझं लिव्हलेलं काकासाहेबांनी वाचलं."

"बरं."

"आन सांग, आधी खोटं वाचलं."

"दादा," बद्रीनाथ म्हणाला, "घरातली गोष्ट त्यांना कशाला सांगायची? त्यांना कसं कळणार हाय?"

"त्याला त्या दुपारपास्नं म्हाईतच हाय," काकासाहेब म्हणाले. "मीच कधी सांगितलं नव्हतं."